तीनशे एकावा माणूस

अरे, हे पत्र वाचताना लाल पेन हातात घेऊ नकोस. मागच्या पत्राच्या समासात तू तीन ठिकाणी "पुरावा?" असं लिहिलंस आणि ते मलाच परत पाठवलंस. सख्ख्या बहिणीचं पत्र तपासून परत करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. हे पत्र तुझ्याबद्दलच आहे. पण "तू असं केलंस, तू तसं केलंस" असं लिहायला लागले तर दुसऱ्या ओळीत आपलं भांडण जुंपेल. म्हणून तुला "तो" म्हणते आणि मला "बहीण". चार परक्या माणसांनाही मग ते वाचता येईल. शेवटी एक कबुली द्यायची आहे, ती मात्र तुझ्याशीच बोलेन. तोवर गप्प बैस.

तर तो.

तो लिफ्ट तपासनीस होता. चौतीस वर्षं त्याने लोकांच्या इमारतींमध्ये वर-खाली करण्यात घालवली आणि त्याबद्दल सरकारने त्याला पगार दिला. त्याची तपासणीची एक पद्धत होती. काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला तळहातावर घेऊन तो लिफ्टमध्ये उभा राही. तळमजल्यापासून वरपर्यंत आणि वरून परत तळापर्यंत. पाणी सांडलं की लिफ्ट नापास. मालक लोक हातापाया पडत, "साहेब, चार थेंब तर सांडलेत." तो म्हणे, "आज पाणी सांडलंय, उद्या माणूस सांडेल." हे वाक्य त्याला इतकं आवडायचं की घरी चहा सांडला तरी तो ते म्हणायचा. बायको फडकं त्याच्या अंगावर टाकायची.

म्हणजे लोकांच्या पोटात गोळा येऊ नये, एवढ्या एका गोष्टीसाठी त्याने आयुष्य वेचलं. आणि निवृत्तीच्या आठवड्यात कचेरीतल्या मंडळींनी त्याला गावाबाहेरच्या पार्कमध्ये सहलीला नेलं. तिथे रोलर कोस्टर होते. त्याने आधी चाकं पाहिली, रुळांचे बोल्ट मोजले, चालवणाऱ्या बाईला शेवटची तपासणी कधी झाली ते विचारलं. मग सगळे "बसा हो आता" म्हणाले म्हणून तो बसला. गाडी टोकावर गेली, क्षणभर थांबली आणि खाली कोसळली. चौतीस वर्षं अडवून ठेवलेला गोळा एकदम त्याच्या पोटात आला. उतरल्यावर तो बाकावर जाऊन बसला. दहा मिनिटं एक शब्द बोलला नाही. कचेरीतल्यांना वाटलं, झालं, साहेबांना काहीतरी झालं. कुणी पाणी आणलं, कुणी वारा घातला. त्याने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं आणि एकच शब्द बोलला.

"परत."

तेव्हापासून सात वर्षं, दर मंगळवारी.

मंगळवारच का, तर मंगळवारी तिथे चिटपाखरू नसतं. रविवारी काय असतं ते तुम्ही जाणता. मंगळवारी शाळा चालू, कचेऱ्या चालू, आणि आभाळ जरा भरलेलं असलं की पार्क त्याच्या एकट्याचं. कारंजं कुणासाठीच उडत नसे आणि तरी उडत असे. फुगेवाला फुगे खांबाला बांधून झोपे. मुलांना हसवण्यासाठी नेमलेला अस्वलाच्या वेषातला माणूस मंगळवारी स्वतःचं डोकं बाकावर काढून ठेवी आणि शेजारी बसून वर्तमानपत्र वाची. लांबून कुणी येताना दिसलं की घाईघाईने डोकं चढवून उभा राही. आणि जवळ आल्यावर हाच दिसला की वैतागून म्हणे, "अहो मंगळवारकाका, लांबून हाक मारत जा ना. उगीच डोकं घालायला लावता."

मंगळवारकाका हे नाव त्या अस्वलानेच ठेवलं.

आता कोस्टरांचं. पार्कमध्ये चार होते, आणि चारांची तुलना हा त्याचा धंदा झाला होता. वही होती. तीत चढण, टोक, उतार, वळण, ब्रेक असे रकाने पाडलेले. अग्निनाग लालभडक, तीन वेढे, वर कर्णे लावून संगीत. शेरा: "दिखाऊ. लग्नातल्या फोटोसारखा, हालचाल पुष्कळ, भावना नाही." गरुडझेप सगळ्यांत उंच. "उतार उत्तम. पण ब्रेक असा लागतो की पाच वाजता खिडकी बंद करणारा कारकून आठवतो." भोवरा बंद खोलीत, काळोखात फिरणारा. "काळोखात मांजरही भीतिदायक वाटतं. यात कोस्टरचं कर्तृत्व काय?"

चौथी आजी. हिचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, कारण पाटीवरची अक्षरं कधीच गळून पडली होती. लाकडी, जुनी, रंग उडालेली. नोकरमंडळी तिला आजी म्हणत, कारण ती वर चढताना अखंड कुरकुर करी आणि एकदा टोकावर पोचली की कुणाचं ऐकत नसे. त्याने तिला पाचही रकान्यांत पहिला नंबर दिला होता.

"टोकावर काय होतं सांगू?" तो बहिणीला म्हणायचा. बहीण निवृत्त प्राध्यापिका. ऐकून घेण्याची सवय तिला कमी. "साखळी सुटते. कुरकुर एकदम थांबते. दीड सेकंद काहीच नाही. वारा फक्त. लांब कुठेतरी कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज. आणि मग..."

"आणि मग तू पडतोस. कळलं."

"पण ताई, तो दीड सेकंद गर्दीत ऐकूच येत नाही. लोक उतार यायच्या आधीच किंचाळायला लागतात. पेपर सोडवायच्या आधीच नापास झाल्यासारखे!"

 बहिणीने चष्मा पुसला.

चष्म्यावरून आठवलं. आजीचा ब्रेक ओढणारी एक बाई होती. पन्नाशीची, जाडजूड, सदा विणकाम मांडीवर. मंगळवारी हा आला की ती विणकामावरची नजर न काढता डावा हात पुढे करी. हा त्या हातात चष्मा ठेवी. गाडी फिरून येई, ती उजव्या हाताने ब्रेक ओढी आणि डाव्या हाताने चष्मा परत देई, कधी कधी लोकरीने पुसूनसुद्धा. त्याला उतरायची गरज नसे. "अजून?" ती विचारी. "अजून," तो म्हणे. सात वेळा, नऊ वेळा. सात वर्षांत त्यांचं एकमेकांशी याहून फार बोलणं झालं असेल असं वाटत नाही. त्याच्या बायकोने एकदा चौकशी केली, "अहो, ती बाई विणते काय एवढं?" त्याने खूप विचार केला आणि म्हणाला, "निळं."

असं सगळं छान चाललं होतं. म्हणजे बिघडणार हे ओघानेच आलं.

एका मंगळवारी तिकिटाच्या खिडकीवर कागद चिकटवलेला दिसला. पुढच्या महिन्यापासून, अल्प प्रतिसादामुळे, दर मंगळवारी पार्क बंद राहील. त्याने तो कागद दोनदा वाचला, तिकीट काढलं आणि कोस्टरांकडे न जाता सरळ व्यवस्थापकाच्या खोलीत गेला.

व्यवस्थापक तरतरीत माणूस. प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसायचं, असं कुठल्याशा प्रशिक्षणात शिकून आलेला. "काका, मंगळवारी सरासरी त्रेसष्ट लोक येतात. त्यातले तुम्ही एक." हसू. "अस्वलाला तरी काम नको का?"

"किती आले तर चालू ठेवाल?"

"येत्या चार मंगळवारांत एकदा तरी तीनशे. मग बघू."

"लिहून द्या."

व्यवस्थापकाने हसत लिहून दिलं. कागद घेऊन तो बाहेर आला आणि आजीवर बसला. त्या दिवशी टोकावरचा दीड सेकंद त्याला नीट लागला नाही, असं वहीत नोंदलेलं आहे.

मंगळवार गेला तर त्याच्याकडे काय उरणार होतं? रविवारची गर्दी, किंवा घर. घर वाईट नव्हतं. पण घरी तो चमचे आकाराप्रमाणे लावायचा, आणि बायको ते मुद्दाम विस्कटायची. पहिल्या वर्षी दोघांचं त्यावरून एवढं वाजलं होतं की बहिणीला मध्ये पडावं लागलं होतं. तेव्हा मंगळवार हा त्या संसाराचाही ब्रेक होता.

मग त्याने काय केलं? तपासनीस माणूस काय करणार, अहवाल लिहिला. "चार रोलर कोस्टरांची तुलना व मंगळवारचे फायदे." अकरा पानं. तो घेऊन बहिणीकडे आला, शुद्धलेखन बघ म्हणून. शुद्धलेखन चोख होतं. शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: मंगळवारी रांग नसते. शांतता असते. तरी इच्छुकांनी यावे. आणि त्याखाली, चौकटीत: कमाल मर्यादा तीनशे व्यक्ती.

बहिणीने चष्म्यावरून पाहिलं. "हे काय आहे?"

"मर्यादा."

"ते दिसतंय. तू शांततेची जाहिरात करतोयस, वेड्या. लोक आले तर शांतता राहील का?"

"तीनशेपर्यंत राहते. मी हिशोब केलाय. चार राइडी, पाच खाण्याच्या जागा, दोन बागा. माणसं पसरतात. तीनशे म्हणजे आजीच्या रांगेत कोणत्याही वेळी फार तर चौघं."

"आणि तीनशे एकावा आला तर?"

"तो येणार नाही. लिहिलंय ना."

बहिणीला वाटलं, हा चेष्टा करतोय. मग त्याचा चेहरा पाहिला आणि लक्षात आलं, नाही. चौतीस वर्षं या माणसाने लिफ्टमध्ये पाट्या लावल्या होत्या. आठ व्यक्ती, पाचशे चव्वेचाळीस किलो. त्याची श्रद्धा होती त्या पाटीवर. इतर कुणाची कशावर असते तशी.

"अरे, तुझ्या लिफ्टमध्ये कायम नववा घुसायचा. मी स्वतः नववी होऊन घुसलेली आहे."

"घुसतो ना. मग घंटा वाजते, लिफ्ट हलत नाही, सगळे त्याच्याकडे बघतात, तो उतरतो."

"पार्कला घंटा कुठेय?"

त्याने अकरा पानं हाताने सारखी केली. मग म्हणाला, "लोक समजूतदार असतात, ताई." आणि बहिणीने हात टेकले. चाळीस वर्षं महाविद्यालयात शिकवल्यामुळे लोक समजूतदार असतात की नाही याबद्दल तिचं मत पक्कं होतं. पण तेव्हा तिला पोस्टात जायचं होतं, म्हणून तिने वाद वाढवला नाही. शिवाय तिने त्याची अकरा पानं कापून दोन केली, वाक्यं खटकेबाज केली, आणि वर्तमानपत्राला पाठवून दिली. चौकटही तशीच ठेवली, कारण तिला ती विनोदी वाटली. हे लक्षात ठेवा.

वर्तमानपत्रालाही ती विनोदीच वाटली. त्यांनी चौकट मोठी करून छापली.

पहिल्या मंगळवारी एकशे बारा लोक आले. तो फाटकाशी उभा राहून मोजत होता. दुसऱ्या मंगळवारी दोनशे नव्वद. संध्याकाळी पाचला त्याने बायकोला फोन केला, "दहा कमी आहेत, तू येतेस का? येताना शेजारच्यांना घेऊन ये." बायको आली, शेजारची आठ माणसं आणि एक पाहुणी घेऊन आली. तीनशे झाले. तीनशेवी ती पाहुणी. तिला भोवऱ्यावर उलटी झाली, पण आकडा आकडाच. त्या दिवशी तो इतका खूश होता की घरी जाऊन त्याने चमचे स्वतःच्या हाताने विस्कटले. बायको बहिणीला फोनवर म्हणाली, "ताई, मला भीती वाटतेय हो."

भीती रास्त होती. तोवर ती दोन पानं लोकांच्या फोनमधून फोनमध्ये फिरायला लागली होती. "कमाल मर्यादा तीनशे" हे वाचून प्रत्येकाला एकच गोष्ट सुचली: त्या तीनशेत आपण असलं पाहिजे. ज्यांना कोस्टरचं नाव काढलं की चक्कर येते, त्यांनीसुद्धा मंगळवारी रजा टाकल्या. तिसऱ्या मंगळवारी अकराशे चाळीस. चौथ्या मंगळवारी त्याने मोजणं सोडून दिलं, पण व्यवस्थापकाने सोडलं नव्हतं: दोन हजार सहाशे.

त्या चौथ्या मंगळवारी तो पोचला तेव्हा फाटकावर भलंमोठं कापड लावलेलं होतं: शांत मंगळवार! कोस्टरच्या कर्ण्यांमधून दर दहा मिनिटांनी एक बाई ओरडून सांगत होती की आज शांत मंगळवार आहे, शांततेचा आनंद घ्या. कारंज्याशी बँड होता. व्यवस्थापकाने त्याला गर्दीतून शोधून काढलं, हातात पुष्पगुच्छ कोंबला आणि अस्वलाबरोबर फोटो काढला. फोटोच्या वेळी अस्वलाच्या आतून आवाज आला, "काका, सकाळपासून डोकं काढलेलं नाही मी. आत भाजी होतेय माझी. काय केलंत हो हे?"

त्याने व्यवस्थापकाला बाजूला घेतलं. "अहो, मर्यादा तीनशेची होती."

"किमान तीनशे, काका!" हसू. "ती तर तुम्ही नऊ पट पार केलीत."

त्याने खिशातला लिहून घेतलेला कागद काढला. खरंच, त्यावर कमाल कुठेच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने समोरच्याचा कागद न तपासता घडी करून खिशात ठेवला होता.

मग तो आजीच्या रांगेत उभा राहिला. एक तास चाळीस मिनिटं. पुढे एक गृहस्थ होते, हातात ती दोन पानं. त्यांनी मागे वळून याला समजावायला सुरुवात केली.

"पहिल्यांदाच ना? मग ऐका. कोस्टरमध्ये खरी गोष्ट म्हणजे टोक. हा तक्ता ज्याने केलाय तो परदेशात शिकलेला आहे."

"नाही शिकलेला."

"अहो, तुम्हाला काय माहीत? आणि गरुडझेपेला ब्रेकमध्ये शेवटचा नंबर दिलाय ते साफ चूक आहे. मला आवडला ब्रेक."

"त्या ब्रेकने मान दुखते."

"तुमची दुखत असेल. वय झालं की दुखते."

याच्या आयुष्यात इतक्या अडाणी माणसाने याचंच मत याला चुकीचं समजावून दिलं, असा प्रसंग बहीण सोडली तर आला नव्हता. तो रांगेबरोबर पुढे सरकत राहिला. फलाटावर पोचला. ब्रेकवाली बाई होती, पण मांडीवर निळं नव्हतं. एका हातात शिट्टी, दुसऱ्यात दांडा, आणि तोंडाने "पट्टे लावा, मागे सरका, पिशवी खाली ठेवा" चाललेलं. त्याने सवयीने चष्मा काढून पुढे केला. तिचा डावा हात मोकळा नव्हता. तिने पाहिलं मात्र. अगदी क्षणभर. मग मागून कुणीतरी "चला ना काका" म्हणून रेटलं आणि तो चष्मा डोळ्यांवर ठेवून बसला.

गाडी कुरकुरत वर गेली. अर्ध्या चढणीपासून लोक किंचाळायला लागले. टोक आलं, साखळी सुटली असावी. कळलं नाही. खालून कर्ण्यातली बाई सांगत होती, शांततेचा आनंद घ्या. आणि पहिल्याच उतारावर चष्मा त्याच्या नाकावरून उडाला, उन्हात एकदा चमकला आणि लाकडी खांबांच्या जंगलात नाहीसा झाला.

गाडी थांबली. "अजून?" कुणी विचारलं नाही. "उतरा, उतरा, पुढचे या," एवढंच.

चष्मा त्याच संध्याकाळी सापडला म्हणे. एक काडी वाकडी, काचा शाबूत. ब्रेकवाल्या बाईने तो स्वतः खांबांत उतरून शोधला आणि हरवलं-सापडलंच्या खिडकीवर जमा केला. खिडकीवाल्यांनी त्याला नियमाप्रमाणे घरी पावती पाठवली: क्रमांक चारशे सतरा, स्वतः किंवा नातेवाइकाने येऊन न्यावा. त्याने पुढच्याच दिवशी व्यवस्थापकाकडे अर्ज केला, मंगळवार बंद करण्यात यावा. उत्तर आलं, मंगळवार आता आमचा सर्वोत्तम दिवस आहे. कर्मचाऱ्यांना विश्रांती म्हणून गुरुवार बंद करत आहोत. सोबत सवलतीचं तिकीट होतं. त्याने ते फाडलं नाही. समासात "पुरावा?" असं लिहून परत पाठवलं. कशाचा पुरावा ते त्यालाही सांगता आलं नसतं.

पार्कला तो त्यानंतर गेला नाही. जुना चष्मा लावतो, त्यातून वही वाचता येत नाही, म्हणून वही कपाटात. मंगळवारी दुपारी, सगळे झोपलेले असताना, तो इमारतीच्या लिफ्टमध्ये जाऊन उभा राहतो आणि वर-खाली करतो. बायकोने एकदा दार उघडून पाहिलं. हातात पाण्याचा पेला होता.

आता पुन्हा तू.

अरे, ती पावती तू माझ्या हातात दिलीस तेव्हा काय म्हणालास आठवतं? "ताई, मी काही आता तिकडे पाऊल टाकत नाही. तू आण. पण गर्दीत जाऊ नकोस, त्या बाईला तेवढा वेळ नसतो. एखाद्या शांत दिवशी जा. आणि गेलीसच तर एकदा आजीवर बस. टोकावर काय होतं ते मग मला समजावून सांगावं लागणार नाही." मी म्हणाले, या वयात मी कुठली बसते. तू म्हणालास, "मर्यादा कुठे लिहिलीय?" मला हसू आलं, तुला नाही.

मी तुला तीन वेळा सांगितलं की गेले होते, खिडकी बंद होती. ते खोटं होतं. पहिल्यांदा मी गेलेच नाही, कारण ती चौकट मीच ठेवली होती आणि त्या बाईसमोर उभं राहायची मला लाज वाटली. दुसऱ्यांदा बुधवारी गेले. फाटकावर नवीन कापड होतं, शांत बुधवार. रांग रस्त्यापर्यंत आली होती, मी रिक्षातून उतरलेसुद्धा नाही. तिसऱ्यांदा मुद्दाम मंगळवारी सकाळी गेले, पार्क उघडायच्या आधी. फाटकातून आत दिसत होतं. तुझी ती बाई आजीच्या पायऱ्यांवर एकटी बसून निळं विणत होती. मी हाक मारणार, तेवढ्यात मागून बसगाड्या आल्या, कर्णे सुरू झाले, आणि तिने विणकाम पिशवीत टाकलं.

पावती माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे. चारशे सतरा. मागे बारीक अक्षरांत लिहिलंय की वस्तू सहा महिने सांभाळली जाईल. मी ते आत्ता वाचलं. पाच झाले.